कोनदार ठळक देवनागरी: कोपरे छाटले की झालं?

काटकोन: १९७०चा 'मशीन' हा इंग्रजी फॉन्ट बघा, टॉम कार्नेस आणि रॉनी बाँडर यांचा. एकही वळण नाही, सगळे कोपरे तिरके छाटलेले. देवनागरीलाही हेच करा: ग्रिड (चौकड्यांची जाळी) घ्या, वळणं ४५ अंशांत मोडा, वजन म्हणजे रेघांची जाडी वाढवा. आपले लोक उगाच वळणदारपणाला कवटाळून बसलेत.

बोरूबहाद्दर: हे वाचून गप्प बसवेना. 'मशीन'मध्ये नुसती कॅपिटल अक्षरं, सगळी एका उंचीची. आपल्याकडे वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये गाठी. दांडा (अक्षराची उभी रेघ) जाड केला की पहिले मरतात ध आणि भ. त्यांच्या शिरोरेषेत डावीकडे मुळातच फट असते. ती फट बुजली की भ चा म, 'भाजी केंद्रा'चं 'माजी केंद्र'. ध चा मा आनंदीबाईनं केला, ध चा घ तुमची ग्रिड करेल. शिरोरेषा दांड्याच्या पाऊण जाडीची ठेवा, फट निदान अर्ध्या दांड्याएवढी. म ची गाठ सरळ भरीव करा, आत भोक राखायचा हट्ट नको.

काटकोन: इंडियन टाइप फाउंड्रीचा 'राजधानी' फॉन्ट आहेच की चौकोनी!

बोरूबहाद्दर: चौकोनी आहे, पण कोपरे गोलावलेत. छाटलेले नाहीत. नीट बघा तरी.

प्लॉटरवाला: ते राहू दे. पाटी कापायला फाइल पाठवताना कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) वेल्ड, म्हणजे एकसंध, का करत नाही कोणी? शिरोरेषेवर अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. वेल्ड नसेल तर प्लॉटरचं (कापणाऱ्या यंत्राचं) पातं प्रत्येक सांध्यावर आडवं जातं आणि व्हायनल (चिकट प्लास्टिकचा कागद) सोलताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. आउटलाइन दिली तरी तेच सांधे दिसतात.

बोरूबहाद्दर: विषय काय, तुम्ही बोलताय काय?

प्लॉटरवाला: पाटी हवेत टांगता का? राउटरवर (पाटी कोरायच्या यंत्रावर) ६ मिमी व्यासाचं बिट, म्हणजे कोरायचं टोक, फिरलं की आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहणारच. काटकोनात ती डोळ्यावर येते, छाटलेल्या कोपऱ्यात फारशी कळत नाही. तेवढ्यापुरतं काटकोनरावांचं बरोबर. स्टेन्सिल असेल तर व, ब, घ च्या पोटांना (आतल्या बंद जागांना) जोडणारे पूल ठेवा, नाहीतर पोटं गळून पडतात.

अक्षरओढ: आणि ते ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवणारे! अक्षरं लांब गेली की शिरोरेषेची ठिगळं होतात. शिवाय ल आणि श मराठी वळणाचे काढा, भाषा मराठी निवडली तर आपोआप यावेत असे.

काटकोन: मग शिरोरेषाच उडवा, कटकट नको.

बोरूबहाद्दर: धन्य! फट शिरोरेषेतच असते. ती उडवल्यावर तुमच्या ग्रिडवर घ-ध ओळखायचे कशावरून?

काटकोन: बरं, पंडितजी. संघाचं नाव म्हणून 'गगन' चालेल?

बोरूबहाद्दर: 'गगन', 'जनता' खुशाल करा. 'धूर्जटी' करून दाखवा: फट, दीर्घ ऊकार, रफार, वेलांटी, सगळं एकदम.

काटकोन: 'धूर्जटी' नावाचा संघ काढतो कोण?

प्लॉटरवाला: कोणीही काढा, मूळ फाइल वेगळी ठेवा. वेल्ड झाल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली तर टाइप करून सुधारता येत नाही.