मदत हवी आहे : न्यूमोनिया झाला पण ताप नाही, आईला (७४) लशी कोणत्या आणि कधी?

शेवंता_७
आई ७४ वर्षांची, वजन ५२ किलो, मधुमेह (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.८). मागच्या महिन्यात न्यूमोनिया होऊन पाच दिवस दवाखान्यात होती. त्याआधी घरी ताप ९९.४ च्या वर गेलाच नाही, नुसती गळून गेली होती आणि बोलण्यात घोळ होत होता. ताप का आला नसेल? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आता नॉर्मल आहे, मग लॅबवाले सुचवतात ते ‘इम्युनिटी पॅकेज’ करावं का? फ्लू, न्यूमोनिया, नागीण या लशी एकदम द्यायच्या की अंतराने? गुळवेलीचा काढा आणि डी३ (ड जीवनसत्त्व) ची पुडी चालू आहे.

कडूजिरे
आधी तापाचं. म्हातारपणी मुळातलं तापमानच खाली असतं, आणि जंतू शिरल्यावर ते चढतंही कमी. म्हणून १०० ची वाट बघू नका. अमेरिकेत वृद्धाश्रमांसाठी वापरतात तो हिशेब घरीही चालतो : तोंडातलं तापमान एकदा जरी १०० च्या वर गेलं, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर येत राहिलं, किंवा नेहमीपेक्षा २ अंशांनी वाढलं, तर तो ताप. आईचं एरवीचं ९७.२ असेल तर ९९.४ हा तापच होता. बरं असताना आठवडाभर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. काखेत आकडा कमी येतो, त्यामुळे जागा बदलू नका. चहानंतर वीसेक मिनिटं थांबा.

त्याहून भरवशाचं म्हणजे श्वास मोजणं. ती शांत पडलेली असताना, तिला न सांगता, पूर्ण एक मिनिट. २५ किंवा जास्त भरले तर सकाळपर्यंत थांबू नका. अचानक बरळणं, तोल जाणं, जेवण टाकणं हेही या वयात तापाइतकंच गंभीर धरायचं.

पागडीवाला
सीबीसी पेशी मोजते, त्या नव्या की जुन्या हे सांगत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी-पेशी, म्हणजे जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. वयात आल्यापासूनच ती आक्रसते, सत्तरीत तिची बहुतेक चरबी झालेली असते. म्हणजे चाळीतल्या खोल्या सगळ्या भरलेल्या, पण भाडेकरू जुने! जुने आजार त्यांना ओळखू येतात, नवा जंतू आला की कोऱ्या पेशी कमी पडतात. लशीचा परिणाम कमी होतो तोही बराचसा यामुळेच. पॅकेजमधल्या आकड्यांनी उपचार काही बदलणार नाहीत, ते पैसे लशीला ठेवा.

दुसरी बाजू अशी की वयाबरोबर अंगात बारीक दाह सतत धुमसत राहतो. क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटलं. त्यामुळे ‘इम्युनिटी वाढवा’ ही भाषाच चुकीची, काही भाग आधीच नको तेवढा पेटलेला असतो. कोविडकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. माझं मत : रोजचा काढा बंद करा.

डी३ ची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते, तीही ठरावीक आठवडेच. रोज घेतली जात नाही ना, हे रिकामी पाकिटं मोजून बघा. कॅल्शियम चढलं की तहान, बद्धकोष्ठ आणि पुन्हा तेच बोलण्यातले घोळ.

कडूजिरे
आता लशी. तिन्ही जिवंत जंतूंच्या नाहीत, त्यामुळे मधुमेह आड येत नाही. ताप उतरून तब्येत सावरली की सुरू करा.

फ्लूची दरवर्षी. आपल्याकडे पावसाळ्यात साथ चढते, म्हणून एप्रिल-मेमध्ये. असर यायला दोन आठवडे लागतात.

न्यूमोनियाची आधी जंतूच्या १३ प्रकारांवरची, वर्षाने २३ प्रकारांवरची. २३ च्या लशीत जंतूवरची नुसती साखरेची खोळ असते, टी-पेशी तिला दाद देत नाहीत, म्हणून आठवण पक्की होत नाही. १३ मध्ये तीच साखर प्रथिनाला जोडलेली असते. २० ची मिळाली तर ती एकटी पुरते.

नागिणीची (शिंग्रिक्स) दोनदा, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. सत्तरीपुढच्यांतही चाचण्यांत ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. कारण तिच्यातली परिणाम वाढवणारी जोड : चिलीतल्या एका झाडाच्या सालीतलं सॅपोनिन, म्हणजे आपल्या रिठ्याला फेस आणणारंच कूळ. लस दोन बाटल्यांत येते, पावडर आणि द्रव. घाईत नुसता द्रवच टोचला जातो असं घडलेलं आहे, समोर मिसळायला सांगा. दंडातच द्यायची. एक-दोन दिवस दंड दुखेल, कणकण येईल. घरात कार्य असेल तर नंतर घ्या.

नागीण झालीच तर ‘दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो’ हे खोटं. ती एका बाजूच्या नसेवरच राहते. लेप लावण्यात दिवस घालवू नका, ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून मात्रा ठरते.

शेवंता_७
आभार! फाईल काढून बघितली, तर दवाखान्यातून सोडताना २३ चीच दिलेली आहे.

कडूजिरे
मग १३ किंवा २० ची त्या तारखेपासून वर्षभराने. लगेच दिली तर प्रतिसाद कमी मिळतो. फ्लू आणि नागिणीची आत्ताच चालेल, एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांत. लशीचं नाव आणि बॅच नंबर त्याच फाईलवर लिहून घ्या.