सासूबाईंना ४० ग्रे रेडिएशन देणार आहेत, नेटवर तर ४ ग्रेलाच माणूस दगावतो असं दिसतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सासूबाईंचं (वय ६२) डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोही आटोपली. सोमवारपासून रेडिएशन. फाइलवर लिहिलंय ४० ग्रे, १५ फ्रॅक्शन्स (म्हणजे १५ वेळा विभागून). काल रात्री नेट उघडलं आणि पस्तावले. साधारण ४ ग्रे अंगावर आले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात म्हणे. मग इथे दसपट कसं? डॉक्टरांकडे इतकी गर्दी असते, की ‘काळजी करू नका’च्या पुढे बोलणंच जात नाही.

दुसरं, नणंद पाच महिन्यांची गरोदर आहे, आईला भेटायला यायचं म्हणतेय. शेजारच्या काकू म्हणतात, पोटुशीला जवळ बसू देऊ नका. पेट स्कॅनच्या दिवशी हॉस्पिटलनेही तसंच बजावलं होतं, त्यामुळे काकूंना काय उत्तर द्यावं कळेना. शिवाय आधीच इतके स्कॅन झालेत, त्यांचं काय?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी रेडिओथेरपीत फिजिसिस्ट आहे, हेच रोजचं काम. तुम्ही वाचलेला आकडा बरोबर आहे, पण तो पूर्ण शरीराला एकदम मिळालेल्या डोसचा. ग्रे म्हणजे एका किलो पेशीजालात एक ज्यूल ऊर्जा. ४ ग्रेने अंगाचं तापमान जेमतेम एक हजारांश अंशाने वाढतं. घात होतो तो डीएनए तुटल्यामुळे. सगळ्या हाडांतला रक्त तयार करणारा मगज एकाच वेळी मरतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात, आणि माणूस जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने जातो. चेर्नोबिलला १९८६ मध्ये १३४ जणांना हा तीव्र आजार झाला, त्यातले २८ त्याच वर्षी गेले.

सासूबाईंचे ४० ग्रे फक्त छातीच्या त्या भागाला, रोज २.६७ प्रमाणे. बाकीच्या हाडांतला मगज शाबूत राहतो. आजच्या आणि उद्याच्या डोसच्या मधल्या वेळात निरोगी पेशी डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. कातडी मात्र साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाल होईल, नंतर काळवंडेल. सैल सुती ब्लाउज घाला. हळद, तेल, पावडर काहीही विचारल्याशिवाय लावू नका.

बाजू डावी आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून विचारा: हृदयाला सरासरी किती डोस जातोय? २०१३ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दर ग्रेमागे हृदयविकाराचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला (मूळ धोक्याच्या ७ टक्के, शंभरात सात जणांना असं नव्हे). श्वास रोखून धरायला लावून हृदय बाजूला ठेवता येतं. ती सोय तिथे आहे का तेही बघा.

नणंदेला खुशाल येऊ द्या. मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. पेट स्कॅनची गोष्ट निराळी. त्यात फ्लोरिन-१८ हे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात, ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून त्या दिवसापुरतं अंतर. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पोटातून देतात, ते अंगात काही दिवस राहतं, तेव्हा मात्र काकूंचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

प्रतिसाद २

स्कॅनबद्दल थोडी भर. पोटाचा सीटी साधारण १० मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाच्या हिशोबाने मोजलेला डोस, मिलि म्हणजे त्याचा हजारावा भाग). निसर्गातून जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतातच. एवढ्याशा डोसने कोणी आजारी पडत नाही, प्रश्न फक्त पुढे कॅन्सर होण्याच्या शक्यतेचा असतो. हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांवरून १ सिव्हर्टमागे सुमारे ५ टक्के धोका धरतात. त्या हिशोबाने असा एक सीटी म्हणजे २००० जणांत एकाला. १०० मिलिसिव्हर्टच्या खालीही धोका असा डोसच्या प्रमाणातच राहतो का, यावर मात्र वाद आहे. केरळात करुनागप्पल्लीच्या थोरियमच्या (नैसर्गिक किरणोत्सर्गी) वाळूवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांत २००९ च्या अभ्यासाला जास्त कॅन्सर आढळला नाही. तरी उगाच स्कॅन करू नये हेच बरं, विशेषतः लहान मुलांचे.

प्रतिसाद १

सहमत. फक्त कॅन्सर असलेल्या ६२ वर्षांच्या बाईने त्या २००० तल्या एकाला घाबरून स्कॅन टाळू नये.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! नणंदेला आत्ताच फोन केला, शनिवारी येतेय. हृदयाच्या डोसचं कागदावर लिहून घेतलंय, सोमवारी विचारते. श्वास धरायची सवय घरी आधीपासून करून घेता येते का? सासूबाईंना थोडा दमा आहे.