साथ ओसरली, मग विषाणूंवर पाळत कशाला?

धागाकर्ती, पुणे
कोरोना गेला, आता विषाणूंचा माग काढण्यात पैसा कशाला घालवायचा, असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. जानेवारी २०२५ आठवा. चीनमधल्या रुग्णालयांतल्या गर्दीचे व्हिडिओ फिरले, बेंगळुरूत दोन बाळांमध्ये एचएमपीव्ही हा सर्दी-खोकल्याचा विषाणू सापडला आणि 'दुसरा कोरोना आला' म्हणून घबराट उडाली. ती बाळं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नेहमीच्या तपासणीत सापडली होती. हा विषाणू २००१ पासून माहीत आहे, आपल्याकडे आधीपासून आहे आणि श्वसनविकारांत अचानक वाढ झालेली नाही, हे केंद्राला लगेच सांगता आलं. हाताशी आकडे होते म्हणून.

सांगलीकर
ताई, माग काढून माणसं वाचत नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी आम्ही पाच तास वणवण केली. मामा रिक्षातच गेले. रोजचे आकडे तेव्हाही मोबाइलवर दिसत होतेच. एक सिलिंडर मिळाला नाही त्यातून. आधी तालुक्यातल्या नर्सच्या रिकाम्या जागा भरा, प्रयोगशाळांचं नंतर बघू.

धागाकर्ती, पुणे
मामांचं वाचून काय बोलावं कळेना. पण दादा, ते दिवस आणखी मागे नेऊन बघा. फेब्रुवारीतच अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले, लॉकडाऊन लागला. जनुकीय तपासणीचं इन्साकॉग हे जाळं डिसेंबर २०२० मध्येच स्थापन झालं होतं. तरी महाराष्ट्राच्या नमुन्यांत दुहेरी बदल झालेला विषाणू आहे, हे केंद्राने जाहीर केलं २४ मार्चला. तो मधला महिना हातात असता तर ऑक्सिजनची तजवीज करायला वेळ मिळाला असता. पाळत जास्त नव्हती हो, कमी पडली आणि उशिरा बोलली.

आशा सेविका, सातारा जिल्हा
सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या घरोघरी तपासणीच्या मोहिमेसाठी मी दारोदार फिरले. बाया शेतातून आलेल्या, बोटं गार आणि मातीने भरलेली. ऑक्सिमीटर आकडाच दाखवेना. मग बोट पदराने पुसायचं, चोळून गरम करायचं, पुन्हा लावायचं. एक आजोबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते, 'मला काय झालंय?' म्हणाले. ऑक्सिजन ८८, म्हणजे धोक्याइतका कमी. हट्टाने दवाखान्यात पाठवलं, बरे होऊन आले. सांगलीकर भाऊ, माग काढल्यानेच ते वाचले. पण माझं एक दुखणं आहे. आम्ही माहिती वर पाठवतो, खाली काहीच येत नाही. यंदा कुठला ताप फिरतोय, हे आम्हालाच ठाऊक नसतं.

तालुक्यातला डॉक्टर
आशाताईंशी शंभर टक्के सहमत. पावसाळ्यात माझ्याकडे रोज तीस-चाळीस खोकलेकरी येतात, एकाचाही नमुना कुठे जात नाही. फ्लू आहे की आरएसव्ही हा श्वसनाचा दुसरा विषाणू, अंदाजानेच औषध द्यायचं. एनआयव्ही ही विषाणू तपासणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात, म्हणजे आपल्याच राज्यात आहे. आठवड्याला पाच नमुने घ्या आणि निकाल मला कळवा, एवढंच मागणं आहे. निकाल कळला तर विनाकारण अँटिबायोटिक लिहिणं तरी थांबेल.

सांगलीकर
आशाताई, तुमच्या कामापुढे हात जोडतो. पण आजोबांना वाचवलं ते तुमच्या पायपिटीने, म्हणून पहिला पैसा तुमच्या मानधनाला, हे माझं मत कायम आहे. डॉक्टरसाहेब, निकाल खरंच खाली येणार असतील, तर त्या पाच नमुन्यांना माझा विरोध नाही.

आशा सेविका, सातारा जिल्हा
भाऊ, मानधन वाढलंच पाहिजे. पण तो निकाल मलाही कळू द्या. वाडीवर म्हाताऱ्यांना मास्क लावा म्हणून सांगायला मीच जाते.