‘आपल्यात हेच लागतं’ : घरातले ब्रँड आणि आपली ओळख

निशिगंध (धागाकर्ती)

परवा आठवीतल्या लेकीशी वाजलं. तिला एका परदेशी कंपनीचेच बूट हवेत. वर्गात सगळ्यांकडे आहेत म्हणे. मी पटकन बोलून गेले, “आपल्यात असं नावासाठी घेत नाहीत.” त्यावर ती म्हणाली, “मग आपल्यात गोदरेजचंच कपाट आणि बेडेकरांचंच लोणचं का लागतं?” मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून इथे लिहितेय.

माझे आजोबा कराडचे. जवळच ओगलेवाडीला प्रभाकर कंदील बनायचे, त्यामुळे त्यांच्या घरात दुसरा कंदील येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे वडील स्वदेशी उद्योगांसाठीच्या पैसा फंडाला वर्षाला एक पैसा द्यायचे. लोकांच्या असल्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला, हे आजोबा आम्हाला इतक्यांदा सांगायचे की तो कारखाना मला घरचाच वाटायचा. माझ्या लहानपणी घरात वीज होती, पण ती जायचीही भरपूर. मग आजोबा फडताळातून कंदील काढायचे, काच मुठीत धरून आत तोंडाची वाफ सोडायचे आणि धोतराच्या सोग्याने पुसायचे. लावायच्या आधी टाकीवरचं उठावाचं नाव माझ्या बोटाने चाचपायला लावायचे. जोडाक्षर मी तिथे शिकले. प्र.

वस्तू कुणी बनवली, आपला पैसा कुणाच्या घरात जातो, हे पाहून घ्यायचं, असं आमच्याकडे होतं. किर्लोस्करांचा नांगर, कॅम्लिनची शाई, विकोची पावडर, सगळं त्याच हिशेबाने आलं. माझं ठाम मत आहे की तेव्हाच्या मराठी घरात ब्रँड हा संस्कारच होता. आजचा ब्रँड म्हणजे नुसती ऐट. तुम्हाला काय वाटतं?

चौकस

संस्कार वगैरे मला पटत नाही, ताई. कंपन्या विकल्या जातात, आपल्या निष्ठा मात्र तिथेच खिळून राहतात.

नरक चतुर्दशीला आपल्याला मोती साबण लागतो. तो टाटा ऑइल मिल्सचा होता, १९९० च्या दशकात हिंदुस्थान लिव्हरकडे गेला. आपल्या पहाटेच्या अंघोळीत काही फरक पडला? दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेलं कॅम्लिन २०११ साली जपानच्या कोकुयोकडे गेलं. तुमच्या आजोबांचा नियम काटेकोर पाळायचा तर कंपासपेटी त्याच वर्षी बदलायला हवी होती. कुणीही बदलली नाही.

डालडाचं तर नावच बघा. डाडा या डच कंपनीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घातला आणि १९३७ साली तो डबा आपल्या स्वयंपाकघरात आला. तूप परवडत नाही त्यांना तुपासारखं काहीतरी, अशी त्याची विक्री झाली. रिकाम्या डब्यात आपण तुळस लावली, तिला रोज पाणी घातलं. उटणं, अभ्यंग, तुळस हे आपलं आहे. साबण आणि डबा कुणीतरी ठरवून आपल्या हातात दिलेत. हे दोन वेगळं करता आलं नाही तर मुलांना आपण जाहिरातीच वारसा म्हणून देऊ.

कोरडवाहू

धागा वाचून राहवलं नाही. तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे, पण ‘मराठी घरात’ हा शब्द मला टोचला.

आमचं घर बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीचं. आमच्याकडं ब्रँड नव्हता, सुट्टा माल होता. आठवडी बाजारातून चहापत्तीची पुडी, बाटलीत मापून घेतलेलं गोडेतेल, कपडे धुवायच्या साबणाचा लांब बार तारेनं कापून दिलेला तुकडा. दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने तर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. तिथं फडताळच नसतं, मग त्यात काय ठेवणार?

सातवीत मी तालुक्याच्या वसतिगृहात गेलो. पहिल्या सकाळी नळावर सगळ्यांनी आपापल्या ट्यूब काढल्या. मी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी सोडली, आत राखुंडी. कुणी हसलं नाही, खोटं बोलणार नाही. फक्त शेजारच्या पोरानं माझ्या बोटाकडं पाहिलं आणि स्वतःची ट्यूब किंचित पलीकडं सरकवली. मी ओल्या बोटासकट पुडी मुठीत घेतली. पुढं चार दिवस मी सगळे उठायच्या आधी, अंधारात दात घासायला जायचो.

आणि संस्कारांचं म्हणाल तर माझी आई, उधारीच्या वहीत आमचं नाव असताना, वाण्यानं चुकून जास्त दिलेली नोट दोन कोस चालत परत देऊन आली. त्या संस्काराला कुठल्याच कंपनीचं नाव लागलं नव्हतं. तुम्ही ‘आपल्यात’ म्हणता तेव्हा त्यात कोण बसतं आणि कोण नळावरून मागं सरकतं, एवढं एकदा बघा.

आकुर्डीकर

इथे सगळे विकत घेणाऱ्यांच्या बाजूने बोलतायत. मी बनवणाऱ्याच्या घरातला आहे.

वडील आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात वेल्डिंगला. चेतक १९७२ ची. पुढे बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायचे. वडिलांची ओळख चाळीत नावाने नव्हती, ‘बजाजमधले’ अशीच होती. माझ्या बहिणीचं स्थळ ठरलं तेही त्या एका शब्दावर. रस्त्यात कुणाची स्कूटर उभी दिसली की ते खाली वाकून पत्र्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचे. मालक गोंधळून बघायचा. “सांधा चांगला आलाय,” असं म्हणून ते पुढे निघायचे.

कंपनीने २००९ च्या सुमारास स्कूटर बनवणं थांबवलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. चौकस, याला तुम्ही जाहिरातीचा परिणाम म्हणाल? तीस वर्षं त्या पत्र्यावर त्यांची नजर खर्ची पडली होती.

सोलापुरी भाकरी

‘आपल्यात हेच लागतं’ हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी ऐकलं. चहापत्तीवरून.

मी सोलापूरची, काळ्या मसाल्यावर वाढलेली. सासर पुण्याचं, गोडा मसाला. तो मी आठवड्यात शिकले, चांगला करते. चहाचं मात्र जमलं नाही. सासरी एकाच कंपनीची पत्ती, माहेरी दुसरीच, कडक. आणायची का असं एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “आपल्यात तो खपणार नाही गं, वाया जाईल.” रागाने नाही, अगदी सहज. तेरा वर्षं मी माझी पत्ती डाळीच्या डब्यामागे छोट्या पितळी डबीत ठेवली. दुपारी सगळे झोपले की एक कप. डबीचं झाकण घट्ट होतं, आवाज होऊ नये म्हणून पदरात धरून उघडायचे.

निशिगंध, घराची ओळख घरातला ब्रँड ठरवतो हे खरंच आहे. पण घरातल्या कुणाची? आजोबांनी कंदील ठरवला, तेव्हा आजीला कुणी विचारलं होतं का? तिच्या माहेरी काय होतं, तुम्हाला माहीत आहे?

निशिगंध

आजीच्या माहेरी काय होतं, मला माहीत नाही. आईला फोन केला, तिलाही नाही. कंदिलाचा सबंध इतिहास मला पाठ आहे आणि आजी कुठल्या चवीवर वाढली ते घरात कुणालाच ठाऊक नाही. याचा मला फार त्रास होतोय.

कोरडवाहू, ‘मराठी घरात’ हे मी चुकीचं लिहिलं. ‘आमच्या घरात’ एवढंच म्हणायला हवं होतं. धागा मात्र बदलत नाही, तुमचं उत्तर त्यालाच आहे.

चौकस, तुमचं मला अजून मान्य नाही. कंपनी उद्या कुणीही घेवो, आजोबांचा प्रश्न त्यामुळे खोटा पडत नाही. ही वस्तू कुणाच्या हातची, हे त्यांनी विचारायला शिकवलं. आम्ही पुढच्यांनी तो प्रश्न सोडला आणि नुसती नावं धरून ठेवली, ही आमची चूक. लेकीला काल दुकानात नेलं. तिने बुटाची जीभ उलटून आतली पट्टी मोठ्याने वाचली, मेड इन व्हिएतनाम. मग म्हणाली, “तिथल्या बाईला यातले किती मिळतात?” मला माहीत नव्हतं, दुकानदारालाही नाही. बूट अजून घेतलेले नाहीत.

कोरडवाहू

ताई, मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. तरी माझं वेगळं आहे.

मागच्या जूनमध्ये पोराला मी तसलेच बूट घेतले, पूर्ण पैसे मोजून, सेलची वाट न बघता. नावासाठीच घेतले. पट्टी वाचली नाही. शाळा सुटल्यावर गेटातून सगळी पोरं एका लोंढ्यात बाहेर आली, त्यात तो कुठला ते मला पटकन ओळखू आला नाही. मी तसाच गाडीला टेकून उभा राहिलो, हाक मारली नाही.