शाळेच्या कार्डावर सगळं 'सामान्य' आहे, तरी मुलाला दरवर्षी डॉक्टरकडे न्यायचं का?

बार्शीकरीण

नमस्कार. प्रश्न लांबडा आहे, आधीच माफी मागते.

धाकटा तिसरीत आहे, वय ८ वर्षं ३ महिने. पाच वर्षांपर्यंत सगळं सोपं होतं. लसींच्या तारखा कार्डावर लिहिलेल्या असायच्या. त्या दिवशी गेलं की डॉक्टर वजन करायचे, उंची मोजायचे, 'छान चाललंय' म्हणायचे. पाचव्या वर्षाचा बूस्टर झाला आणि मग आमचं जाणं फक्त ताप आला की. म्हणजे गेली तीन वर्षं डॉक्टरांनी त्याला पाहिलं ते नाक वाहताना नाहीतर जुलाब लागल्यावर. बरा असताना कुणी बघितलेलंच नाही.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे संक्रांतीला नणंदेकडे गेलो होतो. तिचा मुलगा याच्याहून पाच महिन्यांनी लहान. दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं तर आमचा त्याच्या कानाशी. सासूबाई लगेच म्हणाल्या, "हिच्या माहेरी सगळेच ठेंगणे." (मी १५१ सेंमी, हे १६५. पण ह्यांना कुणी काही म्हणत नाही.) घरी येऊन दाराच्या चौकटीला मोजलं तर ११९ भरली. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर साडेवीस किलो.

शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते, त्याचं कार्ड घरी आलंय. दात, कान, डोळे, प्रत्येकापुढे 'सामान्य', आणि सगळं एका दमात लिहिल्यासारखं. दोनशेच्या वर पोरं एका दिवसात बघितली म्हणे.

त्यात परवा पेपरमधून पत्रक पडलं. 'मुलांची संपूर्ण शरीर तपासणी, ४२ चाचण्या, फक्त १,४९९ रुपये, घरी येऊन रक्त घेऊ.' लिव्हर, किडनी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी, सगळं आहे त्यात. हे म्हणतात करून टाकू, एकदाचं काय ते कळेल. मला वाटतं, पोराला सुई टोचायची तर ती कशासाठी हे तरी आधी कळू दे.

तर दरवर्षी न्यायचं का? नेलं तर डॉक्टरांनी नेमकं काय बघायचं असतं? आणि उंचीची काळजी करू, की सासूबाईंचं मानून गप्प बसू?

अण्णा_सोलापूर

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सात भावंडं, डॉक्टर बघितला तो थेट टायफॉइडला. सगळे जगलो. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी द्या, पोरगं आपोआप वाढतं.

गाडीतला_डॉक्टर

अण्णा, 'सगळे जगलो' हे लिहायला जगलेलेच येतात. भाकरी-चटणीला मात्र माझी हरकत नाही.

ताई, मी सहा वर्षं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात होतो. शाळा-अंगणवाड्यांत येते ती गाडी. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक नर्स. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झालेला हा कार्यक्रम, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. हृदयाला छिद्र असलेली, ओठ-टाळू दुभंगलेली पोरं या गाडीने हुडकून काढली आणि त्यांची ऑपरेशनं फुकटात झालेली मी डोळ्यांनी पाहिलीत, त्यामुळे त्या तपासणीला मी नावं ठेवणार नाही. पण ती चाळण आहे. मोठे खडे अडकतात, बारीक निसटतात.

सगळ्यात जास्त निसटतात ते डोळे. रांगेत उभी पोरं पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करतात. एकदा मी मध्येच तक्ता बदलला, तर एक पठ्ठ्या जुन्याच तक्त्यातली अक्षरं खणखणीत आवाजात म्हणत होता. दुसरं म्हणजे डोळा झाकायला सांगितला की पोरं बोटं पसरून फटीतून बघतात. एका डोळ्याने चांगलं दिसत असेल तर मूल कुठेच अडखळत नाही, अभ्यासात नाही, क्रिकेटमध्येही फारसं नाही. त्याला स्वतःलाच माहीत नसतं. आणि वापरात नसलेला डोळा हळूहळू आळशी होतो. सात-आठ वर्षांपर्यंत पकडला तर सुधारायला बराच वाव असतो, पुढे तो कमी होत जातो. म्हणून आज रात्रीच एक काम करा. त्याच्या एका डोळ्यावर स्टीलची वाटी धरा, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडे वाचायला लावा, मग दुसऱ्या डोळ्यावर. दोन्हींत फरक वाटला तर सरळ नेत्रतज्ज्ञ गाठा. फरक नाही वाटला तरी वर्षातून एकदा नीट तपासणी हवीच, घरची वाटी काही तपासणी नव्हे.

आता उंची. ११९ या एकट्या आकड्यावरून काहीच कळत नाही. बघायचा असतो तो वेग. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंमी वाढतं. वर्षात चारच्या आत अडकलं तर दाखवायला हवं, मग ते वर्गात उंच का असेना. आईबापाच्या उंचीचा हिशोब असा : दोघांची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, मग निम्मे करा. तुमच्या मुलाचे १६४.५ येतात, त्यात आठेक सेंमी इकडे-तिकडे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे ५ ते १८ वर्षांच्या मुलांच्या वाढीचे (वयानुसार उंची-वजनाचे) आलेख २०१५ साली आले, डॉक्टरांकडे त्याच आलेखावर ठिपका काढून घ्या. माझ्या अंदाजाने तो खालच्या बाजूला, पण रेषांच्या आतच बसेल. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, फक्त माहेर-सासर दोन्ही धरा. आणि मोजताना टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात, आणि दर वेळी सकाळीच. संध्याकाळी उंची थोडी कमी भरते.

डॉक्टर आणखी काय बघतात? लहान मुलाचा पट्टा वापरून रक्तदाब. हा आमच्याकडे सर्रास राहतो, कारण लहान पट्टाच हाताशी नसतो, आणि मोठा पट्टा बांधला तर आकडा चुकतो. छाती, पोट, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू, वाकवून पाठीचा कणा. मुलगा असेल तर दोन्ही गोट्या (वृषण) खाली उतरल्यात का, हे संकोचापायी राहून जातं. मग प्रश्न : रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, हाक मारली की दुसऱ्यांदा ओ देतो का, शौचाला कुंथावं लागतं का, मित्र आहेत का. या प्रश्नांतून जेवढं कळतं तेवढं ४२ चाचण्यांतून कळत नाही.

त्या पत्रकाबद्दल सांगायचं तर, नका करू. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाची चाचणी असणारच. हाडं वाढत असतात म्हणून मुलांमध्ये ती मोठ्यांपेक्षा जास्त येते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा मोठ्यांची असली की ठळक अक्षरात 'जास्त' असं येतं आणि आई-बाप रात्रभर इंटरनेटवर लिव्हरचे आजार वाचत बसतात. असे दोन-तीन पालक दरमहा माझ्याकडे येतात. मूल फिकट दिसतंय, दमतंय, किंवा माती, खडू, पाटीची पेन्सिल खातंय, तर हिमोग्लोबिन जरूर करा. या वयात ११.५ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजायचं. बाकी डॉक्टरांना तपासून काही शंका आली तर ते सांगतील ती चाचणी.

खडू_आणि_फळा

वेग बघायला जुने आकडे लागतील ना? ते प्रगतिपत्रकात आहेत. प्रथम सत्र, द्वितीय सत्र, उंची, वजन. पण एक कबुली देतो, रागावू नका. एकोणीस वर्षं शिक्षक आहे. निकालाच्या आदल्या रात्री साठ प्रगतिपत्रकं भरताना कित्येकदा आम्ही उंची नजरेने भरलीय. एकदा तर एका मुलीची उंची सहा महिन्यांत दोन सेंमीने कमी केली होती, तिच्या वडिलांनी आणून दाखवली. तेव्हापासून भिंतीवर पट्टी रंगवून घेतलीय आणि मोजून लिहितो. तुमच्याकडच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका.

आणखी एक. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, पहिली ते पाचवी गुलाबी, सहावीपासून निळी. ती पोरं खातात की खिडकीबाहेर टाकतात ते घरी विचारा. आमच्या खिडकीखाली गुलाबी सडा पडायचा. जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. शौच काळी होते, त्याने घाबरायचं नाही. दरवर्षी एक तरी पालक त्यावरून भांडायला येतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला जंताची गोळी असते, ती चावून खायची, त्या दिवशी शाळा बुडवू नका.

दंतकथा

दात कुणीच धरले नाहीत म्हणून मी आले. :)

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कळतच नाही. मग आठव्या-नवव्या वर्षी आई किडलेली दाढ घेऊन येते आणि म्हणते, "दुधाची आहे ना, पडेलच." ती दुधाची नाही हो, ती जन्माची आहे. मधल्या दातापासून मागे मोजत जा, सहावी येईल ती. चारही बाजूंना टॉर्च मारून बघा. खाचा खोल असतील तर त्या बुजवून घेता येतात, टोचावं लागत नाही की कोरावं लागत नाही. किडायच्या आधी या म्हणजे माझा धंदा कमी होईल, पण चालेल.

आणि रात्रीचं ब्रशिंग आठव्या वर्षीही तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. "केलं" म्हणतात ती पोरं, ब्रश कोरडा असतो.

लेस्टरची_माई

इकडे इंग्लंडमध्ये शाळेत घातल्यावर पहिल्या वर्षी आणि मग सहावीत, असं दोनदा सरकारी उंची-वजन होतं आणि पत्र घरी येतं. माझ्या मुलीचं आलं, 'वजन जास्त आहे'. पुण्याला फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "मेल्यांनी दृष्ट लावली पोरीला." पण खरं सांगते, ती गुबगुबीत आहे याचं आम्हाला कौतुकच होतं. गुटगुटीत बाळाचं चित्र डोक्यात पाचव्या वर्षानंतरही तसंच राहतं. आकड्याने सांगितलं तेव्हा रोजचा ज्यूस बंद झाला, एवढंच. मुलीसमोर मात्र ते पत्र वाचलं नाही, ही एक गोष्ट जमली आम्हाला.

अण्णा_सोलापूर

डॉक्टरसाहेब, तो जगलेल्यांचा टोला लागला हो. पण आमच्या दत्तूला फळ्यावरचं दिसायचं नाही, मास्तर त्याला 'ढ' म्हणून बदडायचे. चौथीत शाळा सुटली त्याची. पुढे चाळिशीत चष्मा लागला तेव्हा म्हणाला, झाडाला पानं वेगवेगळी असतात होय.

बार्शीकरीण

उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि डॉक्टरांचे जास्त.

वाटी त्याच रात्री धरली. आधी डाव्या डोळ्यावर. कॅलेंडरवरची तिथी, नक्षत्र, सगळं धडाधड वाचलं. मग उजव्यावर धरली तर म्हणतो, "आई, आता वाटी काढ ना, तू दोन्ही डोळे झाकलेस." मला वाटलं चेष्टा करतोय. एक रपाटाही दिला, त्याचं आता वाईट वाटतंय.

नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. उजवा ६/६ म्हणजे नीट, डावा ६/२४ म्हणजे बराच कमी. थेंब घालून पुन्हा तपासलं. डाव्याला नंबर आहे आणि डोळा आळशी झालाय. आधी चष्मा कायम लावायचा, दोन महिन्यांनी बघून ठरवणार की चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची का. मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीस रे? तर म्हणे, "डावा हात कसा उजव्यापेक्षा कमी चालतो, तसा डावा डोळा असतो असं वाटलं." यावर काय बोलणार.

उंची : प्रगतिपत्रकात दुसरीच्या दोन्ही सत्रांत ११२च आहे, त्यामुळे गुरुजींचं म्हणणं पटलं. पण लसींच्या फायलीत पाच वर्षं दोन महिन्यांची डॉक्टरांनी मोजलेली १०२ सापडली. आता पुस्तक लावून सकाळी नीट मोजली, ११८.५. म्हणजे वर्षाला पाचच्या थोडी वर. बालरोगतज्ज्ञांनी आलेखावर दोन ठिपके काढून जोडले, रेषेला समांतर चाललाय म्हणाले. रक्तदाब आयुष्यात पहिल्यांदा बघितला गेला, ठीक आहे. फी ३०० रुपये. पुढची लस दहाव्या वर्षी, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची), पण उंचीसाठी पुढच्या संक्रांतीच्या आसपास या म्हणाले. पत्रक रद्दीत गेलं. सहावी दाढ बघितली, एक काळी ठिपकी आहे, दंतकथाताई, पुढच्या शनिवारी नेतेय.

सासूबाईंनी चष्मा बघितला आणि म्हणाल्या, "आमच्यात कुणालाच नाही हो. हे माहेरचंच."

आता एक शेवटचं विचारते. आठवड्यात दोनदा चष्मा मैदानावर विसरून आलाय. मागून दोरी लावून गळ्यात अडकवायची का? खेळताना ओढली जाईल अशी भीती वाटते. कुणी वापरलीय का?