अंडाशयाच्या कलमात रक्तवाहिन्या लवकर याव्यात म्हणून संप्रेरक द्यावे का?

अभ्यासू_पशुवैद्य: मी पशुप्रजननशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. रॅटच्या अंडाशयाचे तुकडे त्याच प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवण्याचा प्रयोग मी आखत आहे. यात रक्तवाहिन्या शिवून जोडल्या जात नसल्यामुळे कलम सुरुवातीला प्राणवायूवाचून राहते. एफएसएच (अंडाशयातील फॉलिकल, म्हणजे अंडपेशी असलेल्या पुटिका, वाढवणारे संप्रेरक) दिल्याने नव्या रक्तवाहिन्या लवकर येतील का, आणि ते रोपणाआधी द्यावे की नंतर, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

ऊतीतज्ज्ञ: कल्पनेला आधार आहे. अल्पवयीन रॅटवरील 1994 च्या प्रयोगात रोपणानंतर 48 तासांतच कलमात रक्तवाहिन्या पोचल्या होत्या आणि व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या घटकाच्या जनुकाची वाढलेली अभिव्यक्ती पोषग्रंथीच्या (पिट्युटरीच्या) एफएसएचसारख्या संप्रेरकांवर अवलंबून असल्याचे दिसले होते. मात्र मेंढ्यांवरील कामात साठवणीसाठी ऊती गोठवण्या-वितळवण्यापेक्षा रक्तपुरवठा नसण्याच्या काळातच बहुसंख्य आद्य फॉलिकल (अजून वाढीला न लागलेले, राखीव साठ्यातले) नष्ट होतात असे आढळले, म्हणजे खरी शर्यत पहिल्या दोन-तीन दिवसांचीच आहे. शिवाय आद्य फॉलिकलची वाढ सुरू होण्यासाठी एफएसएच लागत नाही. त्याचा परिणाम होतो तो वाढीला लागलेल्या फॉलिकलवर, आणि व्हीईजीएफही मुख्यत्वे त्यांच्याच पेशी तयार करतात. त्यामुळे रोपणानंतर चौथ्या दिवशी दिलेली मात्रा जे वाचले त्यांना पोसेल, जे गेले त्यांना परत आणणार नाही. मी असतो तर रोपणाआधी एक गट, रोपणाच्याच दिवशी दुसरा, असे ठेवले असते.

नियंत्रणगट: वरील मुद्दा पटला, पण एक गोष्ट सुटली आहे. दोन्ही अंडाशय काढलेल्या प्राण्यात इस्ट्रोजेन आणि इनहिबिन या अंडाशयातील संप्रेरकांचा लगाम सुटल्यामुळे एफएसएच आणि त्याचे जोडीचे संप्रेरक एलएच आपोआप वाढतात. अशा प्राण्याला बाहेरून एफएसएच दिले नाही तरी तो ‘विनाउपचार’ राहत नाही, आणि दोन गटांत फरक दिसला नाही म्हणून संप्रेरक निरुपयोगी ठरवणे ही घाई होईल. एक अंडाशय जागेवर ठेवलेला गटही घ्यावा. दुसरे असे की, सीडी31 रंजनात (रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी दाखवणाऱ्या) वाहिन्या दाट दिसल्या म्हणजे फॉलिकल वाचले असे नव्हे. आद्य फॉलिकलभोवती स्वतःचे रक्तवाहिन्यांचे जाळे नसते, ते आजूबाजूच्या ऊतीवरच विसंबून असतात. म्हणून आद्य फॉलिकलची संख्या स्वतंत्रपणे मोजा, तीही रोपणाआधीच्या तुकड्यांशी ताडून.

अभ्यासू_पशुवैद्य: दोघांचेही आभार. नियंत्रण गटाचा विचार माझ्या आराखड्यात खरोखरच नव्हता. एक शंका उरते: संप्रेरकामुळे आद्य फॉलिकल एकदम जागे होऊन (वाढीला लागून) साठाच लवकर संपणार नाही ना?

ऊतीतज्ज्ञ: साठा संपण्याची भीती रास्त आहे, फक्त दोष एकट्या एफएसएचवर टाकू नका. रोपणानंतर संप्रेरक न देताही फॉलिकल मोठ्या प्रमाणावर जागे होतात. दोन दिवसांनंतरचे आणि तीन आठवड्यांनंतरचे नमुने घेतले, तर वाचलेले आणि जागे झालेले वेगळे मोजता येतील.