मदत हवी आहे: 'वर्थ' फ्रेंचमध्ये कसं सांगू?

नमस्कार मंडळी, शनिवारी दोन फ्रेंच पाहुण्यांना पांडवलेणी दाखवायची आहेत. पायऱ्या बघूनच माणूस बिचकतो, म्हणून 'चढून जाण्यासारखं आहे' एवढं तरी धड सांगता यायला हवं. इंग्रजीत 'इट्स वर्थ द क्लाइंब' म्हटलं की झालं. फ्रेंचमध्ये मात्र 'वर्थ'साठी 'व्हालवार' हे अख्खं क्रियापदच: 'सा व्हो ला पेन'. यातलं 'पेन' म्हणजे कष्ट, थोडक्यात आपलं 'कष्टाचं चीज होतं'. भारीच आवडलं मला हे! पण 'सा व्हो ल कू' असंही ऐकलंय. ते जरा मित्रामित्रांतलं वाटतं. साठीच्या बाईंसमोर चालेल का? आणि खाली उतरल्यावर मिसळ आहेच. तिखटजाळ, पण खाण्यासारखी, हे कसं म्हणू? उच्चार देवनागरीत लिहा, प्लीज.